कुलूप, किल्ली आणि करवली

जयवंतराव मोहित्यांनी उन्हाळी वर्ग काढायचे ठरवले ते लिफ्टमध्ये, तळमजला आणि दुसरा मजला यांच्या दरम्यान.

बरोबर तिसऱ्या मजल्यावरची अवंती होती, नुकतीच सातवीची परीक्षा देऊन मोकळी झालेली. लिफ्टमध्ये 'फक्त चार माणसे' अशी पाटी आहे. तिच्याकडे बराच वेळ बघून अवंतीने विचारले, "आजोबा, ही कोणती चार माणसं? कनुकाकांसारखी चार, की माझ्यासारखी चार?"

निवृत्तीनंतर जयवंतरावांना जग दोनच प्रश्न विचारत आले होते. सध्या वेळ कसा घालवता, आणि रिमोट कुठे ठेवलात. पहिला बाहेरचे विचारत, दुसरा नीरजाबाई. अशा माणसापुढे एक खराखुरा, वजनदार प्रश्न अचानक येऊन उभा राहिला तर त्याचे जे व्हायचे तेच त्यांचे झाले. ते आपल्या मजल्यावर उतरलेच नाहीत. वजन म्हणजे काय, लिफ्टची तार किती ताण सोसते, कारखान्यात ती कशी तपासतात, हे सांगत सांगत ते अवंतीला घेऊन वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले. उत्तर पुरे झाले तेव्हा तळमजल्यावर दोन बिऱ्हाडे भाजीच्या पिशव्या घेऊन ताटकळत उभी होती, आणि त्यांचे चेहरे मुळीच जिज्ञासू नव्हते.

"क्लासमधले सर म्हणतात, प्रश्न शेवटी विचारायचे," अवंती जाताना म्हणाली. "आणि शेवटी तास संपलेला असतो."

हे वाक्य जयवंतरावांना लागले. घरात पाऊल टाकताच त्यांनी नीरजाबाईंना जाहीर केले, की सहावी ते आठवीच्या मुलांसाठी आपण एक वर्ग काढणार. त्यात शिकवायचे काही नाही. मुलांनी प्रश्न विचारायचे, आणि मनात आला की ताबडतोब विचारायचा. कुठल्याही प्रश्नाला 'नंतर' म्हटले जाणार नाही. नीरजाबाई कैऱ्या किसत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारले, गच्चीवरच्या खोलीत पंखा आहे का? नव्हता. थोर कार्यांचा आरंभ नेहमी अशाच क्षुद्र चौकशीने होतो.

आता जयवंतरावांचा पेशा सांगितला पाहिजे, कारण पुढचा सगळा घोटाळा त्या पेशाचाच आहे. शहराबाहेर बाजव्याच्या बाजूच्या एका मोठ्या कारखान्यात त्यांची सगळी नोकरी सुरक्षा अधिकारी म्हणून गेली. असा माणूस निवृत्त होतो तो फक्त कागदावर. सिनेमाला गेले की ते आधी बाहेर पडायचे दरवाजे मोजत, मग पडद्याकडे बघत. नीरजाबाई सांगत, की लग्नात अंतरपाट दूर झाल्यावर यांनी पहिल्यांदा मांडवातली वाळूची बादली पाहिली आणि मग मला.

वर्गासाठी सोसायटीची परवानगी हवी होती. दांडिया बाजाराच्या मागच्या गल्लीतली ही मंगलदीप सोसायटी निम्मी मराठी, निम्मी गुजराती आणि संपूर्णपणे कनुभाईंची. कनुभाई अध्यक्ष होते. सेक्रेटरी परदेशी मुलाकडे गेल्यापासून ते सेक्रेटरीही होते. त्यामुळे जयवंतरावांनी अर्ज कनुभाई अध्यक्षांना दिला, त्यांनी तो शेरा मारून कनुभाई सेक्रेटरींकडे पाठवला, आणि सेक्रेटरींनी दोन हरकती काढून परत केला. सगळे एकाच झोपाळ्यावर बसून.

"बाळको माटे, मुलांसाठी, जरूर करो," कनुभाई म्हणाले. "पण रीतसर करो."

सही करताना ते मध्येच थांबून उजवा हात झटकत होते. होळीपासून त्यांच्या बोटांना झिणझिण्या येत. डॉक्टर म्हणाले नस दबली असेल, वयही झालेच आहे, आणि ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या. गोळ्यांनी फार सारु लागते, बरे वाटते, असे कनुभाई भेटेल त्याला हात झटकत सांगत. मग त्यांनी अटी सांगितल्या. भिंतीला खडू लावायचा नाही, दुपारी आवाज करायचा नाही, आणि सोसायटीच्या पाण्याच्या पंपाजवळ मुलांनी फिरकायचे नाही. पंप हा कनुभाईंचा जीव की प्राण. तो चालू करण्याचा अधिकार त्यांनी आजवर कोणाला दिला नव्हता. रोज पहाटे अंघोळ करून, ओलेत्याने, अनवाणी ते खाली येत, पंपाचे हिरवे बटण दाबत, आणि तिथूनच सूर्याला अर्घ्य द्यायला जात. पाणी वर चढते ते विजेने की आपल्या पुण्याईने, याबद्दल त्यांचे मत पक्के नव्हते.

परवानगी मिळाली आणि सल्ले सुरू झाले. पहिल्या मजल्यावरच्या उर्मिलाबेननी सांगितले, की 'जिज्ञासा वर्ग' या नावाला कोणी येणार नाही, नावात 'रोबो' पाहिजे. शुभंकरच्या वडिलांनी विचारले, यात स्पर्धा परीक्षेचा काही भाग आहे का? नाही म्हटल्यावर त्यांचा उत्साह इतका ओसरला, की ते मुलाला बाजूला घेऊन गेले. कुणालच्या आईने फक्त वेळ विचारली. दुपारी आहे म्हटल्यावर तिचे डोळे भरून आले. बाकी सगळ्यांनी एकच विचारले, सर्टिफिकेट देणार का? मुलांचे प्रश्न हेच त्यांचे सर्टिफिकेट, असे जयवंतराव म्हणाले. हे ऐकून लोक एकमेकांकडे बघू लागले. शेवटी नीरजाबाईंनी परस्पर सांगून टाकले, की देणार, रंगीत देणार. दुसऱ्या दिवशी गच्चीवर चपलांचा ढीग पडला.

वर्गाची सुरुवात जयवंतरावांनी सवयीने केली. आग लागली तर कुठे जमायचे, रांग कशी करायची, हजेरी कोण घेणार. हे संपेपर्यंत दोन मुलांना झोप लागली. मग प्रश्न विचारा म्हटल्यावर कोणी विचारेना. वर्षभर ज्यांना गप्प बसायचे शिकवले त्यांना एका दुपारीत बोलते करणे हे काम कारखाना चालवण्याहून अवघड आहे, हे त्यांना समजले. एकटी अवंती विचारत होती, आणि बाकीची मुले तिच्याकडे लिफ्टखाली ताटकळलेल्या बिऱ्हाडांच्या नजरेने बघत होती.

तेव्हा जयवंतरावांनी कपाटावरून एक पेटी काढून आणली. निवृत्तीच्या समारंभात लोकांना चांदीची वाटी मिळते, शाल मिळते. जयवंतरावांना खात्याने त्यांच्या आवडीची वस्तू दिली होती. लाल रंगाची कुलपे. प्रत्येकाला एकच किल्ली, आणि नाव व कारण लिहायला एक पत्र्याचा बिल्ला.

"कारखान्यात यंत्र दुरुस्त करायला जो जातो," ते म्हणाले, "तो आधी त्याचा स्विच बंद करतो आणि त्यावर स्वतःचं कुलूप लावतो. किल्ली स्वतःच्या खिशात. मग ते कुलूप दुसरं कोणी काढायचं नाही. साहेबानं नाही, साहेबाच्या साहेबानं नाही. का? कारण त्याचा हात आत असेल."

मुले पहिल्यांदाच गप्प झाली, ती ऐकण्यासाठी.

मग त्यांनी गोष्ट सांगितली. एकदा एक फिटर कुलूप काढायचे विसरून घरी, सावली गावाला, निघून गेला. कारखान्याचा एक अख्खा भाग बंद पडला. मोठे साहेब ओरडले, तोडा कुलूप. जयवंतराव म्हणाले, माझा राजीनामा घ्या, मग तोडा. शेवटी सावलीला जीप पाठवली. फिटर अंघोळ करत होता. तो तसाच, डोक्याला साबण लावलेला, जीपमधून आला, त्याने कुलूप काढले, आणि परत जाऊन उरलेली अंघोळ केली. "सबंध नोकरीत मी दुसऱ्याचं कुलूप तोडू दिलं नाही," जयवंतराव म्हणाले, आणि या वाक्याला त्यांचा आवाज जरा ओला झाला. तो फिटरच्या साबणामुळे नव्हे.

आणि मग त्यांनी ती चूक केली, जी फक्त असाच माणूस करू शकतो. प्रत्येक मुलाला त्यांनी एकेक कुलूप दिले. घरात, इमारतीत जिथे काही चुकतेय अशी शंका येईल, तिथे आपले कुलूप लावा. उत्तर मिळाले, दुरुस्ती झाली, की आपणच काढा. "तुमचं कुलूप कोणी तोडणार नाही," ते म्हणाले. "माझा शब्द आहे."

जिज्ञासा जागृत झाली म्हणजे काय होते ते पुढच्या दोन दिवसांत मंगलदीप सोसायटीने पाहिले. कोमलने आईच्या मिक्सरच्या कपाटाला कुलूप घातले, कारण वायर सोललेली होती. त्या दिवशी घरी आमरसाला आठ माणसे होती. शुभंकरने वडिलांच्या स्कूटरला कुलूप लावले, कारण मागचा टायर गुळगुळीत होता. वडील रिक्षाने ऑफिसला गेले आणि जाताना जयवंतरावांकडे बघून हसले नाहीत. कुणालने तर थेट कनुभाईंच्या झोपाळ्याची साखळी खांबाला जखडून टाकली. वरची कडी झिजून अर्धी झाली होती, हे त्याचे म्हणणे अगदी बरोबर होते. पण गुजराती माणसाचा दुपारचा हिंचका बंद करणे म्हणजे त्याचा श्वास बंद करणे होय. कनुभाई जेवून आले, सवयीने बसले, पायाने रेटा दिला आणि जागच्या जागी राहिले.

शनिवारी दुपारी ते जयवंतरावांच्या दारात उभे होते. हात झटकत त्यांनी सोसायटीचे नियम ऐकवले, अर्जातल्या अटी ऐकवल्या, आणि न झोपलेल्या माणसाचे दुःख ऐकवले. जयवंतराव त्यांना कडीच्या झिजेचे शास्त्र सांगत होते. तेवढ्यात अवंती आली. अंगावर प्रवासाचा फ्रॉक, मागे आईची हाक. "आजोबा, एक विचारायचं होतं. कनुकाका पण आहेत ते बरंच..."

"आत्ता नाही बाळ," जयवंतराव म्हणाले. "दिसतंय ना, बोलतोय? आल्यावर सांग."

अवंती क्षणभर उभी राहिली आणि गेली.

कुणालला बोलावून कुलूप काढायला लावले, नवी कडी बसवली, कनुभाई झुलू लागले. संकट टळले असे समजून जयवंतरावांनी रविवारी सकाळी निवांत दाढीला साबण लावला. एक गाल झाला, आणि नळाने एक उसासा टाकून पाणी बंद केले.

ते खाली गेले तेव्हा पंपाच्या खोलीसमोर सगळी इमारत जमली होती. कोणाच्या हातात बादली, कोणाच्या केसांना मेंदी. पहाटे कनुभाई आले तेव्हा पंपाचा मेन स्विच बंद होता आणि त्याच्या दांड्याला लाल कुलूप लटकत होते. टाकीतले कालचे पाणी आहे तोवर त्यांनी वाट पाहिली. आता तेही संपले होते. बिल्ल्यावर सुवाच्य अक्षरात लिहिले होते: 'अवंती'. खाली 'कारण' या शब्दापुढे: 'आल्यावर सांगते'.

अवंती काल संध्याकाळीच आईबरोबर मामाच्या लग्नाला गेली होती. सावलीला.

सावली हे नाव ऐकून जयवंतरावांना त्या फिटरची आठवण झाली आणि त्यांनी आपल्या साबण लागलेल्या गालाला हात लावला. नियतीलाही विनोदबुद्धी असते. फक्त ती जरा जुन्या वळणाची असते.

अवंतीच्या आईला, मैथिलीला, फोन लावला. तिकडे बँड वाजत होता. "हो, हो, या ना, जेवायलाच या," असे म्हणून तिने फोन ठेवला. मग कोणी उचललाच नाही. आणि दुपारी कनुभाईंकडे वेवाई यायचे होते. धाकट्या मुलीच्या होणाऱ्या सासरची मंडळी, रसपुरीच्या जेवणाला, पहिल्यांदाच. कनुभाईंनी वायरमनला बोलावून घेतले होते. त्याच्या हातात करवत होती.

जयवंतराव जाऊन कुलुपासमोर उभे राहिले.

"जयवंतराव," कनुभाई म्हणाले, "तेर वर्षनी छोकरी छे. रमतमां, खेळात लगाव्यु हशे."

"कुलुपाला वय नसतं, कनुभाई."

"पण कारण तर पाहिजे ने?"

"कारण आहे. आल्यावर सांगणार आहे."

"आ कारण छे?"

"सांगायचं राहिलंय. नाही असं कुठे लिहिलंय?"

लोकांनी लोकशाही मार्गाने आरडाओरडा सुरू केला. शुभंकरच्या वडिलांनी स्कूटरचा सूड उगवत विचारले, की एका पोरीच्या खेळासाठी सगळ्या इमारतीने अंघोळ सोडायची का? प्रश्न रास्त आहे, हे जयवंतरावांनी मनात मान्य केले. त्यांना फक्त एवढेच दिसत होते, की आज करवत चालली तर उद्या ती पोर येईल, तुटलेले कुलूप बघेल आणि समजेल, की नियम मोठ्यांच्या कारखान्यात असतात. तिच्या प्रश्नासारखाच तिचा नियमही 'नंतर' बघायचा असतो. आणि ती काही बोलणार नाही. क्लासमधल्या सरांपुढे जशी गप्प बसायची तशी बसेल. हे सगळे अर्ध्या दाढीने, बनियनवर, जमावासमोर सांगता येण्यासारखे नव्हते. ते नुसते उभे राहिले.

शेवटी रिकामी बादली घेऊन नीरजाबाई पुढे आल्या. आता त्या नवऱ्याला ओढून नेतील अशा आशेने सगळ्यांनी वाट करून दिली.

"कनुभाई, यांना मी ओळखते," त्या म्हणाल्या. "हे हलायचे नाहीत. मग मला यांचा डबा इथे आणून द्यावा लागेल, आणि पाण्याशिवाय मी तो करू कशात? तुमच्याकडे गाडी आहे. सावली म्हणजे काही काशी नाही."

कनुभाईंनी घरात जाऊन पत्नीचा सल्ला घेतला. तो दार लावलेले असूनही सगळ्यांना ऐकू आला. पाच मिनिटांनी ते गाडीची चावी घेऊन बाहेर आले. "बपोर सुधी," ते म्हणाले. "दुपारपर्यंत पाणी आलं तर ठीक. नाही तर क्लास बंद. गच्चीच्या खोलीला माझं ताळं. आणि माझं ताळं पण मीच काढणार."

गाडी सावलीच्या रस्त्याला लागली. कनुभाई रागावले की एसी वाढवत. सावली येईपर्यंत जयवंतरावांचा साबण लागलेला गाल गारठून कडक झाला.

मांडवाच्या दारात त्यांच्या अंगावर अत्तर उडाले, हातात सरबत आले. एक झुलत्या मिशांचे गृहस्थ जयवंतरावांच्या गालाकडे बघून अदबीने म्हणाले, की घाईघाईत निघावे लागले वाटते, नवऱ्या मुलाचे कोण आपण? कनुभाई म्हणाले, "पाणीवाळा." गृहस्थांनी त्यांना मागच्या दाराने स्वयंपाकघराकडे नेऊन टँकर कुठे लावायचा ते दाखवले. तिथून सुटका करून घेण्यात थोडा वेळ गेला.

अवंती सापडली ती बोहल्यावर, नवऱ्या मुलाच्या मागे. परकर-पोलके, नाकात मोत्यांची नथ, हातात कऱ्हा आणि दिवा. ती मामाची धाकटी करवली होती. गळ्यात मोत्यांच्या माळेशेजारी लाल दोऱ्यात ओवलेली कुलपाची किल्ली.

जयवंतरावांनी खुणा केल्या. मंगलाष्टके चालू होती. अवंतीने कऱ्हा न हलवता ओठांनी विचारले, काय? जयवंतरावांनी हाताने कुलूप काढून दाखवले. भटजींना वाटले हे गृहस्थ काही अपशकुनी हातवारे करत आहेत. त्यांनी आवाज चढवून पुढचे कडवे घेतले. कनुभाई घड्याळाकडे बघत होते आणि कोणीतरी हातात दिलेल्या अक्षता रागाने टाकत होते. त्या सगळ्या नवरदेवाला लागत होत्या.

शेवटी वाजंत्री वाजली. जयवंतराव गर्दीतून बोहल्याजवळ पोचले. "बाळ, किल्ली दे."

"नाही," अवंती म्हणाली.

"अगं, सगळी इमारत..."

"तुम्हीच सांगितलंत. किल्ली कोणाला द्यायची नाही. साहेबाला नाही, साहेबाच्या साहेबाला नाही."

कनुभाईंनी जयवंतरावांकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर त्यांनी अर्जावर हरकत काढतानाही वापरली नव्हती. पण जयवंतरावांच्या छातीत मात्र कुठेतरी काहीतरी सुखाने फुलले. आपण इतकी वर्षे जे मोठमोठ्या माणसांच्या गळी उतरवत होतो ते या मुलीने एका दुपारीत घेतले होते. हा आनंद चेहऱ्यावर दिसू नये म्हणून त्यांनी साबणाचा गाल कनुभाईंकडे केला.

"बेटा," कनुभाई म्हणाले, आणि आवाज शक्य तितका मऊ केला, "मारा पंपाने शु गुन्हा कर्यो?"

अवंतीने कऱ्हा आईकडे दिला. "कनुकाका, तुम्ही रोज हात झटकता. मी विचारलं तर म्हणालात, वय झालं. पण मग वय उजव्याच हातात कसं आलं? आणि सकाळीच जास्त का येतं? म्हणून शुक्रवारी मी लवकर उठून तुमच्या मागे आले. तुम्ही ओल्या अंगानं, अनवाणी बटण दाबलं आणि लगेच हात झटकला. मग तुम्ही गेल्यावर मी त्या पेटीला हाताची मागची बाजू लावून पाहिली. आजोबांनी सांगितलंय तशी. चप्पल घालून. तरी मुंग्या आल्या."

जयवंतरावांचे दोन्ही गाल, केलेला आणि न केलेला, सारखेच उतरले. त्यांनी तिचा हात धरून उलटसुलट करून पाहिला. पंपाच्या पत्र्याच्या पेटीत वीज उतरत होती. रोज पहाटे, ओलेत्याने, अनवाणी, एक माणूस तिला हात लावत होता. कधीतरी एक दिवस तो हात झटकायला उरला नसता. आणि सोसायटीत राहणारे सुरक्षा अधिकारी झोपाळ्याच्या कडीवर व्याख्यान देत होते.

"हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"आले होते ना. काल. तुम्ही म्हणालात, आत्ता नाही, आल्यावर सांग." मग तिने घाबरीघुबरी होत समजावले, "म्हणून तसंच लिहिलं. आणि काकांनी सकाळी हात लावू नये म्हणून लाकडी पट्टीनं स्विच खाली केला."

जयवंतरावांनी तिचा हात सोडला. बोहल्यावरचा फोटोवाला नेमका तेव्हाच म्हणाला, काका, जरा हसा.

कनुभाई आपल्या उजव्या हाताकडे बघत होते. त्यांनी तो उघडला, मिटला. "आज..." ते म्हणाले.

"आज झिणझिण्या आल्या?" अवंतीने विचारले.

"नथी आव्या."

"मग आज गोळी घेतली असेल."

"गोळी कशाने घेणार?" कनुभाई हळूच म्हणाले. "पाणी क्यां हतु?"

परत येताना मागच्या सीटवर करवली होती. नथ, परकर आणि मांडीवर वऱ्हाडाने बांधून दिलेला जिलेबीचा डबा. मैथिलीने लेकीला सोडले, पण संध्याकाळच्या वरातीपर्यंत आणून पोचवायच्या बोलीवर, आणि ती बोली कनुभाईंनी मुकाट्याने मान्य केली. त्यांनी एसी कमी केला आणि एकदा आरशात बघून विचारले, फार गार तर नाही वाटत ने?

मंगलदीपच्या फाटकात बादल्यांची रांग स्वागताला उभी होती. वर वेवाई मंडळी पोचली होती आणि बाटलीच्या पाण्याने हात धुऊन रस चाखत होती. इथे रोजच असे धुतात, असा त्यांचा समज झाला आणि घराण्याबद्दल त्यांचे मत फारच उंचावले.

अवंतीने परकर सावरत कुलूप काढले. वायरमनने मेन चालू करून टेस्टर पेटीच्या पत्र्याला लावला, आणि टेस्टरमधला दिवा लागला. शुभंकरच्या वडिलांनी आपली बादली खाली ठेवली. जमिनीत विजेला वाट देणारी तार होळीआधीच्या रंगकामात कोणीतरी उपटून कोपऱ्यात नीट गुंडाळून ठेवली होती. ती जोडली, पेटीत पत्र्याला टेकलेली वायर नीट केली, टेस्टर पुन्हा लावला. दिवा लागला नाही. मग अवंतीनेच बटण दाबले. पंप घरघरला आणि वरच्या मजल्यांवरून नळांचे खोकणे, मग धारा, मग बायकांच्या हाका ऐकू आल्या.

कनुभाईंनी खिशातून गोळ्यांची पट्टी काढली. उरलेल्या गोळ्यांकडे पाहून ती पुन्हा खिशात ठेवली. "जयवंतराव," ते म्हणाले, "गच्चीवर पंखा लावून घेऊ. अर्ज करा." मग जरा विचार करून, "नको. अर्ज मीच करतो."

सगळे अंघोळीला पळाले. जयवंतरावांच्याही मनात उरलेला गाल होता. ते जिन्याकडे वळले तेवढ्यात मागून आवाज आला.

"आजोबा, एक विचारू? काका म्हणायचे गोळ्यांनी बरं वाटतं. पण त्यांना लागत तर वीज होती. मग गोळीनं बरं कसं वाटायचं?"

जयवंतरावांना ते ठाऊक नव्हते. डॉक्टरला विचारावे लागेल, वाचावे लागेल, आणि गाल आता खाजू लागला होता. ओठांवर 'आत्ता नाही' येऊन थांबले होते. त्यांनी मागे पाहिले. करवली नथ सावरत उभी होती. तिच्या हातात लाल कुलूप होते, उघडे, आणि ते अजून कुठेच लावलेले नव्हते.

"विचार," जयवंतराव म्हणाले, आणि पंपाच्या खोलीच्या ओल्या पायरीवर बसले.